१०८ घागरी



सार्वजनिक आरोग्य म्हटलं की भिंतीवर पाटी रंगते : हात स्वच्छ धुवा. रोहिणखेडला ती पाटी वाचून दाखवली तेव्हा माय म्हणाली, "वाचून काय करतं बापा? हात धुवाले पानी कुठं हाये?" आज रात्रपाळीला साच्यावर उभा असतो, तरी तोच सवाल कानात.

सवाल जुना आहे. २० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना बंदी नव्हती. बाबासाहेबांनी ओंजळ भरली अन् तळं 'बाटलं'! मग ह्या शुद्ध लोकांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही – १०८ घागरी प्यायच्या पाण्यात ओतल्या. वर मंत्र. माणसाचा हात घाण अन् शेण औषध! अशा अकलेच्या देशात पटकी काय उगाच माजली? तळ्याचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ उजाडलं.

पुढं घटना आली. कलम ४७ : लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. अन् कलम ३७ : ह्याची अंमलबजावणी कोर्टातून करून घेता येणार नाही. कर्तव्य कागदावर, कागद कपाटात. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला उपसणं बंद केलं. गटारात माणसं अजून गुदमरून मरतात. कोणाची? आडनावं वाचा.

तेव्हा गोळ्या वाटून फोटो काढणं पुरे. ग्रामसभेत उठा. विचारा : नळ कोणत्या गल्लीपर्यंत आला? गटार कोणत्या गल्लीत येऊन तुंबलं? नळ संपतो अन् गटार साचतं, तिथंच जात उभी असते. तिला तिथंच गाठा.

जयभीम.