वडिलांचा संयम

पूज्य वडील निवर्तले की तसबिरीला हार चढतो. लासूर स्टेशनसारख्या बाजारगावात दुकानाच्या पाटीवर त्यांचे नावही राहते. परंतु त्यांनी स्वतःसाठी काय घेतले नाही, याचे स्मरण किती राहते?

वाकोदच्या भवरलालजी जैन यांनी 1963 मध्ये रॉकेल विक्रीने व्यवसाय आरंभिला, तेव्हा हाती 7,000 रुपये होते. ती कुटुंबातील तीन पिढ्यांची बचत होती. त्या बीजातून पुढे ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोहोचले. 25 फेब्रुवारी 2016 रोजी भवरलालजींचे निधन झाले. पुत्रांनी काम पुढे चालविले.

वारशाच्या प्रत्येक रुपयात वडिलांची एखादी न पुरविलेली हौस असते. बंधू-भगिनींनो, पुण्यतिथीला मुलांना जवळ बसवून ती सांगावी. हीच खरी श्रद्धांजली.