टँकरच्या तालुक्यात श्वानांचे ‘स्पा’

महानगरांत रुळलेला श्वानांच्या साजशृंगाराचा व्यवसाय आता जिल्ह्याच्या ठिकाणांहून तालुक्यांकडे सरकू लागला आहे. शाम्पूची आंघोळ, केसांची छाटणी, नखे कापणे, कानांची सफाई आणि वर सुगंधी फवारा, असा या सेवेचा साधारण क्रम. शेतघरावर लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड बाळगणाऱ्या बागायतदाराला ती हवीशी वाटावी, यात नवल नाही. प्रश्न आहे तो पाण्याचा आणि त्याहून अधिक, या सेवेत नेमके काय विकले जाते याचा.

हातातल्या फवाऱ्यातून मिनिटाला सात-आठ लिटर पाणी सहज जाते. दाट केसांचे मोठे कुत्रे भिजवून, फेस काढून धुवायला दहा मिनिटे धरली तरी ७० ते ८० लिटर होतात. टंचाईच्या काळात टँकरने द्यावयाच्या पाण्याचे राज्यातील ग्रामीण प्रमाण माणशी दररोज २० लिटर आहे. म्हणजे एका आंघोळीत चौघांचे दिवसाचे पाणी! ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या मुलखात हा हिशेब नुसता कागदावरचा राहत नाही. बोअर आपले, पाणीही आपले, असे कोणी म्हणेल; पण भूजल बांधाची हद्द पाळत नाही.

गंमत अशी की, वारंवार आंघोळीची कुत्र्याला फारशी गरजही नसते. त्याच्या त्वचेचा सामू माणसाच्या त्वचेइतका आम्लधर्मी नसतो. त्यामुळे माणसांचा साबण त्याला मानवत नाही आणि सततच्या धुण्याने नैसर्गिक तेल जाऊन कोरड्या हवेत खाज वाढते. घोड्याला करतात तसा रोजचा खरारा धूळ आणि सुटलेले केस काढतो, पाण्याचा थेंबही न लागता. उन्हाळा आला म्हणून शेफर्ड किंवा हस्कीचे केस पार उतरवणे तर उलट घातक, कारण तेच आवरण त्यांना उन्हापासून वाचवते. या पट्ट्यातले मूळचे कारवानी कुत्रे आखूड केसांचे. त्याला स्पाची गरज कधी पडली नाही.

त्याला पडते ती गोचिडांपासून सुटकेची गरज. श्वानांवरील तपकिरी गोचीड ‘एर्लिकिया’ या जिवाणूचा ताप पसरवते. रक्तातील प्लेटलेट्स घटतात, कधी नाकातून रक्त वाहते आणि उपचार लांबले तर कुत्रे दगावते. वेळेत रोगनिदान झाल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने ते वाचू शकते. पण रक्ततपासणीची सोय बहुतेकदा जिल्ह्याच्या गावी आणि तालुक्याच्या दवाखान्यावर भार गुरांचा. शिवाय मादी गोचीड कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. एका सुगंधी आंघोळीने ती साखळी तुटत नाही. कुत्र्याची झोपण्याची जागा, गोठा, भिंती साऱ्यांकडे पाहावे लागते. गुरांसाठी आणलेले गोचिडांचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावल्यास विषबाधेचा धोका असतो. इंजेक्शन देऊ करणारा कारागीर तर आपली मर्यादाच ओलांडतो. उपचाराचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे.

कात्री चालवणाऱ्याला मात्र आपल्याकडे अशा नोंदणीचे बंधन नाही. त्यामुळे शहरातले दरपत्रक जसेच्या तसे गावात येते आणि त्यात गोचीड काढणे ही ‘जादा सेवा’ ठरते. कोरडवाहू भागात तीच मुख्य सेवा असायला हवी. चिमटा, दाट दातांची फणी, ब्रश, बादलीभर पाणी आणि पशुवैद्यकाने ठरवून दिलेले औषध एवढ्यावर ती चालू शकते. तिचा खरा गिऱ्हाईक बंगल्यातला लॅब्रेडॉर नव्हे, तर मेंढरांमागे रानोमाळ फिरणारा धनगराचा कुत्रा आहे. पावसाळा सरता सरता गवत वाळते. मग कुसळे त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत शिरतात, सराटे पंजात रुततात. ते काढून द्यायला वाड्यावर येणारे अजून कोणी नाही.