“गेलं तर गेलं” म्हणणाऱ्यांनो…

तर मंडळी, आज पत्त्यांवर बोलू. बदाम सात किंवा मेंढीकोट नव्हे, ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्डचा १९९३ सालचा खेळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: प्रत्येकाकडे २० लाइफ असतात. दर टर्नला साधारण एक लँड मांडायची, तिच्यातून माना मिळतो, तो खर्चून क्रीचर उतरवायची आणि समोरच्याचे २० संपवायचे. बस्स.

आता मुद्दा. एका मानाचं क्रीचर मांडताना जो तो खांदे उडवतो, “एकाच मानाचं आहे रे, गेलं तर गेलं!” माझ्या मते या खेळात याहून महाग वाक्य नाही. पत्त्याच्या कोपऱ्यात छापलेली किंमत हा फक्त पहिला हप्ता असतो!

‘सव्हाना लायन्स’ घ्या. एक माना, ताकद २, तग १. पहिल्या टर्नला मांडलं आणि समोर अडवायला कोणी नसलं, तर पाचव्या टर्नपर्यंत चार वार. म्हणजे २० पैकी ८ गेले, एका मानात! तोच पत्ता पाचव्या टर्नला हातात आला, तर समोर एखादा ३/३ चा रेडा उभा असतो आणि आपला सिंह शोभेला. पत्ता तोच, किंमत तीच. मग बदललं काय? वेळ. स्वस्त क्रीचर घेता तेव्हा तुम्ही वेळ विकत घेत असता. तो वापरला नाहीत तर एक मानासुद्धा जास्तच झाला.

आणि पुढचे हप्ते? १९९७ च्या ‘जॅकल पप’ला जेवढा मार बसेल, तेवढाच तुम्हालाही बसतो. २००९ चा ‘गॉब्लिन गाइड’ उतरल्या टर्नलाच २ चा वार करतो, पण दर वाराला समोरच्याच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता उघडतो आणि तो लँड निघाला तर त्याला फुकट मिळतो. ६० पत्त्यांत २४ लँड धरल्या तर दर वाराला ४० टक्के शक्यता. गेम चार टर्नमध्ये संपणार असेल तर खुशाल द्या, त्याला ते पत्ते वापरायला वेळच मिळणार नाही. गेम लांबला, तर मात्र तुम्ही त्याला आयतं रेशन पुरवत बसलात. म्हणजे धोका पत्त्यावर नाही, गेम किती चालणार त्यावर ठरतो.

पत्ते न खेळणाऱ्यांनी हे समजून घ्यायला एखाद्या रविवारी वेल्ह्याला जावं आणि वर तोरण्याकडे बघावं. १६४६ च्या सुमारास, विजापूरचा मुहम्मद आदिलशाह आजारी पडला त्या काळात, शिवाजी महाराजांनी हा गड घेतला. वय जेमतेम सोळा. मोठी लढाई नाही. परंपरा सांगते की तिथं धन सापडलं आणि ते समोरच्या राजगडाच्या बांधकामाला लागलं. पहिल्या टर्नचा याहून भारी डाव दाखवा! पण हप्ते चुकले का? १६४८ मध्ये आदिलशाही फौजेनं शहाजीराजांना कैद केलं. कारण एकच नव्हतं, पण मुलाचे उद्योग त्यात होतेच. शेवटी १६४९ मध्ये वडिलांच्या सुटकेसाठी हातातला कोंढाणा परत द्यावा लागला. जॅकल पपचा नियमच म्हणा ना. फरक एवढाच, की या खेळाडूनं मधली दोन-तीन वर्षं वाया घालवली नव्हती. बिल आलं तेव्हा राजगड त्याच्याकडे होता.

दुसरा पक्षही माझ्या डोक्यात जातो. “बारीक क्रीचर खेळतच नाही, सहा मानाचा ड्रॅगन आला की बघ!” अरे, तो येईपर्यंत तू असशील का? १९९६ मध्ये पॉल स्लायनं जो डेक खेळला, त्याची यादी वाचली तर भंगार वाटावी. पण दर टर्नला माना पूर्ण वापरायचा, हा त्यातला हिशोब आजही चालतो.

आणि एक. छोटं क्रीचर मोठ्यासमोर नुसतं मरायला उभं करायचं, याला ‘चंप ब्लॉक’ म्हणतात. त्यावर कोणीतरी हमखास बोलतं, “बाजीप्रभूंनी तेच केलं.” साफ चूक. बाजीप्रभू हिरडस मावळातले, आजच्या भोरकडचे. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत ते आणि त्यांचे मावळे उभे राहिले ते “गेले तर गेले” म्हणून नव्हे. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत, असा मोजलेला वेळ त्यांना हवा होता. त्यांना स्वस्त म्हणणाऱ्याला हिशोबही कळत नाही आणि इतिहासही.

हे सगळं टेबलावरच राहिलं असतं तर मी एवढा तापलो नसतो. पण सोमवारी ऑफिसात हेच ऐकू येतं, “एक फ्रेशर टाका, स्वस्तात आहे, नाही जमलं तर बघू.” त्याला शिकवायला वेळ दिलेला नसतो, डेडलाइन मात्र दिलेली असते. मग पोरगा दोन महिने आपटतो, सीनियर रात्री बसून निस्तरतात, आणि शीटवर मात्र तो अजून स्वस्तच दिसतो!

तेव्हा पुढच्या वेळी एका मानाचं काहीही मांडण्याआधी दोन प्रश्न विचारा. यातून मिळालेल्या वेळात मी काय उभारणार आहे? आणि बिल आलं तर ते कोण भरणार? उत्तर नसेल तर पत्ता हातातच ठेवा.

असो. शिव्या खाली घालाव्यात, वाचतो मी सगळ्या. :)