केओलिन : एका डोंगराचे नाव

लोणच्याची बरणी कशाची, असे विचारले तर तुम्ही चटकन 'चिनी मातीची' म्हणाल. शास्त्राच्या तासाला मात्र चिनी माती म्हणजे 'केओलिन', आणि त्यातले मुख्य खनिज म्हणजे ॲल्युमिनियमचे सजल सिलिकेट, एवढे पाठ केले की धडा संपतो. केओलिन हा शब्द आला कोठून, हे सहसा कोणी सांगत नाही. ही उणीव लहान नाही, असे मला वाटते.

चीनच्या जिआंग्शी प्रांतात जिंगदेझेन हे पोर्सेलीनच्या भांड्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेले शहर आहे. त्याच्या ईशान्येला गाओलिंग नावाचे खेडे आहे. 'गाओ' म्हणजे उंच आणि 'लिंग' म्हणजे डोंगराची रांग. आपल्याकडे डोंगरगावे असतात, तसलेच हे साधे नाव! तेथील पांढरी माती जिंगदेझेनचे कारागीर वापरीत. फादर दांत्रकोल या फ्रेंच धर्मोपदेशकाने १७१२ साली पत्र लिहून ही हकीकत युरोपला कळवली आणि फ्रेंच लेखणीतून गाओलिंगचे 'काओलिन' झाले.

त्या पत्रातली एक गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगावी. पोर्सेलीनला केओलिनबरोबर एक विशिष्ट दगड कुटून घालावा लागतो. भट्टीच्या प्रखर आचेत दगड वितळून काचेसारखा होतो. केओलिन तग धरते, म्हणून भांडे बसत नाही. काही परदेशी लोकांनी नुसता दगडच नेला. तेव्हा एका चिनी व्यापाऱ्याने, हे लोक हाडांवाचून नुसत्या मांसाचे शरीर करायला निघाले, अशी त्यांची थट्टा केली. उष्णतेचा हा धडा व्याख्येपेक्षा नक्कीच जास्त दिवस लक्षात राहील.

केओलिनला अस्सल मराठी प्रतिशब्द घडवावा, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. नवा शब्द आला की तो डोंगर पुसला जाईल. 'चिनी माती' व्यवहारात खुशाल राहू द्या; पण तो शब्द फार ढिला आहे. ही माती केरळात निघते, आपल्या सिंधुदुर्गातही निघते. शिवाय बाजारातल्या कित्येक बरण्या दुसऱ्याच भरड मातीच्या, वरून झिलई दिलेल्या असतात.

तेव्हा शिक्षकांनी व्याख्येआधी चीनचा नकाशा उघडावा. गाओलिंग शालेय नकाशात बहुधा मिळणार नाही. जिंगदेझेनच्या ईशान्येला पेन्सिलीने एक ठिपका द्यावा आणि मग फळ्यावर सूत्र लिहावे.