बारा दिवसांचा आठवडा

उत्तर थायलंड, म्यानमारचा शान प्रांत, लाओस आणि चीनचा युन्नान प्रांत इथल्या डोंगरांत राहणाऱ्या आखा लोकांचा आठवडा बारा दिवसांचा. दिवसांची नावे प्राण्यांची: म्हैस, वाघ, माकड, कुत्रा, डुक्कर... पेरणी कधी, घर कधी बांधायचे, हे त्यावरून ठरते. ऑगस्ट-सप्टेंबरात, भात कापणीला येण्याआधी, गावात उंच खांब वर एकत्र बांधून मोठा झोपाळा उभारतात. त्या सणाची सुरुवात परंपरेने म्हशीच्या दिवशी.

शाळा आणि कचेऱ्या मात्र सात वारांवर चालतात. वाघाचा दिवस एकदा रविवारी आला, की पुन्हा रविवारी यायला 84 दिवस लागतात. म्हणजे पोरांच्या सुट्टीचा आणि गावच्या सणाचा मेळ क्वचितच बसणार. युन्नानमध्ये प्राण्यांच्या दिवशी भरणारे बाजारही होते. काही गावांना त्यांचीच नावे पडली. आपल्याकडचे आठवडी बाजार आठवा: पंचांग भिंतीवर लटकवून टिकत नाही, त्यावर देणेघेणे आणि कामेधामे ठरली तरच टिकते. घड्याळ-कॅलेंडरापलीकडच्या अशाच कालगणनांना हा अंक वाहिला आहे. वाचा, आणि आपल्या घरातल्या तिथी-नक्षत्रांचा हिशेब अजून कोणाला येतो, ते विचारून घ्या.