न दिसणें आणि नसणें

हल्लीं कित्येक घरांत नातवंडें टेबलाभोंवतीं बसून फांसे टाकीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा कथाखेळ खेळतात. वडील मंडळी त्यास पोरखेळ म्हणून सोडून देतात. परंतु त्यांतील एका मायामंत्रावरून खेळणारांत जो वाद होतो, तो मीमांसेच्या अभ्यासकास ओळखीचा वाटेल. म्हणून तो येथें घेतों.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं रचलेला हा खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन कथासृष्टीचें वर्णन करितो; बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनें बोलतात. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत 'डिटेक्ट मॅजिक' हा पहिल्या पायरीचा शोधमंत्र आहे. चित्त ढळूं न दिल्यास दहा मिनिटांपर्यंत तीस फुटांच्या आंतील जादूची जाणीव त्यानें होते, आणि समोरच्या वस्तूभोंवतीं अंधुक प्रभा दिसून ती आठांपैकीं कोणत्या शाखेची हेंही कळतें. साधी माया येथें कामास येत नाहीं. मायाही जादूच असल्यामुळें तिचाच सुगावा आधीं लागतो.

ह्यावर तोड म्हणजे 'निस्टुल्स मॅजिक ऑरा'. रेशमाचा लहानसा चौकोनी तुकडा घेऊन वस्तूस स्पर्श केला, कीं चोवीस तासपर्यंत जादूची आंगठी शोधमंत्रास साधी भासते, किंवा साधी काठी जादूची भासते. तोच प्रयोग तीस दिवस रोज केला तर ती माया कोणी मोडीपर्यंत टिकते. (शिशाच्या पातळ पत्र्यानेंही शोधमंत्र अडतो, आणि त्यास महिनाभर खपावें लागत नाहीं, पण शिशाची पेटी पाहून कोणासही संशय येईल!) दोरीवर साप भासला तर दिवा आणून पाहतां येतें. ह्या मंत्रानें दिव्यासच भुलविलेलें असतें.

आतां वाद असा. मंत्र म्हणूनही कांहीं दिसलें नाहीं, आणि पुढें त्याच आंगठीनें घात केला, तर सूत्रधारानें फसविलें असें खेळाडू म्हणतात. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें, पण त्यास योग्यतेची अट घातली. उजेडांत घट दिसला नाहीं तर घट नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच ठरत नाहीं. म्हणून सूत्रधारानें "तुला प्रभा दिसत नाहीं" एवढेंच म्हणावें; "येथें जादू नाहीं" असें कदापि म्हणूं नये. पहिलें वाक्य खरें आहे, दुसरें खोटें. आणि खेळाडूंस त्याच्या वाणीवांचून दुसरा डोळा नाहीं. कथेंतील खलपुरुषानें वाटेल तितकें खोटें बोलावें. सूत्रधार स्वमुखानें एकदां खोटें बोलला, तर त्याचें कोणतेंच वर्णन मग कोणी खरें मानणार नाहीं, व खेळ तेथेंच संपतो.

ही माया वारंवार योजणेंही बरें नव्हे. मयसभेंत दुर्योधनाची फसगत दोन प्रकारची झाली: स्फटिकभूमीस तो जल समजला, आणि खऱ्या जलास भूमि समजून आंत पडला. सतत फसलेले खेळाडूही पुढें प्रत्येक दाराशीं तासभर काठ्या आपटीत बसतात.

सुटकेची वाट नियमांत आहेच. तिसऱ्या पायरीचा 'डिस्पेल मॅजिक' ही माया मोडतो. संशयित वस्तु विश्रांतीच्या वेळीं तासभर हातीं धरून ध्यान केल्यासही तिचे गुण कळतात. 'आयडेंटिफाय' मंत्र हिला फसतो कीं काय ह्यावर मतभेद आहेत. आमच्या मतें फसूं नये, कारण तो प्रभा न पाहतां गुणधर्म सांगतो. तथापि आम्हांस सर्वांत आवडते ती मंत्राबाहेरची खूण. तीस दिवस रोज त्याच पेटीशीं रेशमाचा तुकडा घेऊन जाणारा मांत्रिक वाड्यांतील झाडूवालीनें पाहिलेला असणारच. खेळाडूंनीं तिला विचारिलें पाहिजे.