आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला

बारावीचा निकाल लागला की मी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसतो. पोरं येतात. मुंबई विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरायचा असतो. आधी विद्यापीठाकडे ऑनलाईन नाव नोंदवा, त्याचा छापील कागद काढा, मग एकेका कॉलेजाचा वेगळा अर्ज, वेगळे पैसे. मोबाईल फुटका असला तरी हे सगळं होतं. गाडी अडते ती एकाच रकान्यापाशी. जात.

परवा एक पोरगी आली. 81 टक्के. बाप नाक्यावर उभा राहतो, आई चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, "दादा, मी ओपनमधनंच भरते. दाखला नाय आपल्याकडं. आणि बोर्डावर नावापुढं एससी लागलं की पोरी बघत्यात."

मला राग आला. पोरीचा नाही.

दाखला का नाही? बापाने खेटे घातले होते. पोरगी मुंबईत जन्मली, बाप मुंबईत जन्मला, पण जातीच्या दाखल्यासाठी मुंबई चालत नाही. 10 ऑगस्ट 1950 ला तुमचं खानदान कुठे राहत होतं ते सांगा. म्हणजे सातारा जिल्हा. ज्या गावातून आज्या रातोरात अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला, त्याच गावच्या तालुक्याला आता नातीने दाखला मागायला जायचं. बरं, गेला बाप. खिडकीतला म्हणाला, "वडलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा."

शाळा सोडल्याचा! अहो, धरायला तर द्यायची होती शाळा, मग सोडली असती. ज्याला वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसवायचीसुद्धा गावाची तयारी नव्हती, तो बाहेर बसला होता याचा कागद त्याच्याच नातीने आणायचा. असा विनोद दुसऱ्या कुठल्या देशात होत असेल तर मला कळवा.

पोरीच्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय फक्त 'बौद्ध'. 1956 नंतरचं घर ते, मास्तरला अभिमानाने तेच सांगितलं. तर म्हणे, बौद्ध हा धर्म झाला, जात कुठंय? महाराष्ट्र सरकारने 1960 साली नवबौद्धांच्या सवलती मानल्या, दिल्लीला तेच मानायला 1990 उजाडलं. कायदा झाला, नमुना छापला, तरी खिडकीतल्या माणसाला अजून आपण टाकलेली जातच पुराव्यानिशी हवी असते.

शेवटी उपाय निघाला तो कोतवाल बुकातून. गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. शाळेने आपल्याला घेतलं नाही, पण मेल्या-जन्मल्याची नोंद गावाने ठेवली, आणि नावापुढे जात लिहायला विसरला नाही. तेवढी एक गोष्ट त्यांनी मन लावून केली. मित्रांनो, ज्याचा दाखला अडलाय त्याने तालुक्याच्या अभिलेख कक्षात जाऊन हे बुक मागावं. मोडी लिपीत असलं तर वाचणारा शोधावा. दलालाला पैसे चारू नयेत.

आता ओपनचं. पोरीला मी म्हणालो, बाई, तू ओपनमध्येच बसशील कदाचित, पण जात लिहून बस. ओपन म्हणजे बामण-मराठ्यांचा राखीव कोटा नव्हे. ओपन सगळ्यांचं. मंडलच्या खटल्यात 1992 साली सुप्रीम कोर्टाने नोकऱ्यांबाबत सांगून ठेवलं की मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणांवर आला तर तो राखीव जागेत मोजायचा नाही. मध्य प्रदेशातल्या मेडिकल प्रवेशात हेच झालं होतं, ओपनइतके मार्क असून पोरं बाहेर, आणि ऑगस्ट 2024 मध्ये कोर्टाने पुन्हा तेच सुनावलं. तरी कॉलेजात काय चालतं? एससी लिहिलेलं दिसलं की अर्ज थेट एससीच्या गठ्ठ्यात. तुला सीट मिळाली म्हणून तू खूश. पण तुझ्यामागे 58 टक्केवाला आपलाच पोरगा होता, त्याची जागा तू खाल्लीस, आणि ओपनमधली तुझी जागा गेली तिसऱ्यालाच. 13 टक्क्यांचं छप्पर असं करून ठेवतात साले. खालून वर कुणी जाऊ नये.

म्हणून यादी लागली की दोन्ही याद्यांचे फोटो काढा. ओपनचा शेवटचा टक्का बघा. आपला टक्का वर असेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं हवेत जातं.

मुंबईतल्या नामांकित कॉलेजांबद्दल थोडंच लिहितो, कारण लिहायला लागलो की पान पुरत नाही. त्यातली बरीच अल्पसंख्याकांची, कुठली धर्माची, कुठली भाषेची. घटनेच्या 15(5) ने, 2005 च्या दुरुस्तीने, खासगी संस्थांना आरक्षण लावायची वाट उघडली आणि त्याच वाक्यात अल्पसंख्याक संस्था वगळल्या. ख्रिस्ती, मुसलमान बंधूंचा हक्क मी समजू शकतो. पण भाषेच्या नावावर कोट्यधीशांच्या ट्रस्टांनाही तीच सूट? इथे आपल्या पुढाऱ्यांनी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही.

राहिली फी. वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, 60 टक्के केंद्राची, 40 टक्के राज्याची. पैसे येतात परीक्षा होऊन गेल्यावर, आणि कॉलेज मागतं प्रवेशाच्या दिवशी. फी आधी मागू नये असं सरकारच सांगतं, पण खिडकीवर ते कोण ऐकतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका पोराची मार्कशीट अडवली एका कॉलेजने. पोरगा आता डिलिव्हरीची बॅग पाठीवर टाकून फिरतो. एलफिन्स्टनला शिकताना बाबासाहेबांना बडोद्याहून महिन्याचे 25 रुपये मिळायचे. महिन्याचे, हे लक्षात घ्या.

पोरगी बापाबरोबर एसटीने जाऊन आली. कोतवाल बुकात पणज्याची नोंद सापडली. आडनाव नाही, नुसतं नाव, बापाचं नाव, आणि जात. तिने मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. मग रकाना तिनेच भरला, मी हात लावला नाही.

तहसीलचा शिक्का अजून व्हायचाय. अर्जाची मुदत दोन दिवसांवर. दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र जोडलंय. कॉलेजातला कारकून घेतो म्हणाला नाही, घेत नाही असंही म्हणाला नाही. उद्या दहाला आम्ही तिघं त्याच्या खिडकीपाशी असणार. ज्याला जमेल त्याने यावं.